कापूस पांढरा, माती काळी, फोटो मात्र करडा

दसरा-दिवाळीच्या सुमाराला परभणी, जालना, बीडकडच्या रानांत कापूस फुटतो आणि मोबाइलमध्ये त्याचे फोटो साठू लागतात. त्यातले कितीतरी फोटो पाहताना एकच गोष्ट खटकते. डोळ्यांना पांढराशुभ्र दिसलेला कापूस फोटोत मळकट, राखाडी उतरलेला असतो. उलट त्याच शिवारातल्या नांगरलेल्या जमिनीचा जवळून फोटो काढला, तर काळीभोर माती विटल्यासारखी फिकट येते. लोक लेन्स पुसून बघतात, नवा फोन घ्यायला हवा म्हणतात. पण यात दोष लेन्सचा नाही आणि फोनच्या किमतीचाही नाही. ज्याला फोटो चांगले काढायला शिकायचंय त्याने सगळ्यात आधी ही गोष्ट समजून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. चौकट कशी साधायची, माणूस मध्ये घ्यायचा की कडेला, हे सगळं नंतरचं.

कॅमेऱ्यातला प्रकाशमापक मोजतो तो वस्तूवरून परत येणारा प्रकाश. भर दुपारच्या लख्ख उन्हात जमिनीवर सुमारे १ लाख लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) इतका उजेड पडतो. घरात दिव्याखाली तो जेमतेम ३०० लक्स असतो. आता हिशोब करू. काळ्या मातीने उन्हाचा फक्त दहावा भाग परत पाठवला तरी तो १०,००० होतो. घरात ठेवलेल्या कापसाने ८० टक्के उजेड परत पाठवला तरी तो भरतो २४०. म्हणजे उन्हातली काळी माती घरातल्या पांढऱ्या कापसापेक्षा चाळीस पटींनी उजळ! आपल्या मेंदूला याचा पत्ताही लागत नाही, कारण तो आजूबाजूच्या वस्तूंशी तुलना करून पांढरं ते पांढरं आणि काळं ते काळं ठरवतो. मापकाच्या हाती मात्र नुसता आकडा येतो. तो आकडा उन्हातल्या मातीचा की सावलीतल्या कापसाचा, हे त्याने ओळखायचं कसं?

म्हणून तो एक गृहीतक धरून चालतो: समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे. पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारा करडा रंग आपल्या नजरेला काळ्या-पांढऱ्याच्या बरोबर मध्ये वाटतो. अमेरिकी छायाचित्रकार अन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९३९-४० च्या सुमाराला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे टप्पे पाडणारी ‘झोन सिस्टिम’ नावाची पद्धत बसवली, तिचा मधला टप्पा हाच करडा. आताचे फोन दृश्य ओळखून थोडीफार दुरुस्ती करतात खरे, पण मोंढ्यातल्या कापसाच्या गंजीने सगळी चौकट भरली की तेही फसतात. मापकाला वाटतं, उजेड फार झाला. तो प्रकाश कमी घेतो आणि कापूस करडा होतो. मातीच्या बाबतीत नेमकं उलटं घडतं.

उपाय हाताशीच आहे. फोनच्या पडद्यावर कापसावर बोट टेकवलं की बहुतेक फोनमध्ये शेजारी सूर्याचं लहानसं चिन्ह येतं. ते वर सरकवलं की फोटो उजळतो, खाली ओढलं की गडद होतो. मोठ्या कॅमेऱ्यात यासाठी अधिक-उणे असं चिन्ह असलेलं बटण असतं. अधिक १ म्हणजे दुप्पट प्रकाश, उणे १ म्हणजे निम्मा. कापसासाठी अधिक १ पासून सुरुवात करावी, काळ्या मातीसाठी किंवा म्हशीसाठी उणे १ पासून. पांढऱ्याला प्रकाश वाढवायचा आणि काळ्याला कमी करायचा, हे सुरुवातीला उफराटं वाटतं, पण हात लवकर बसतो.

वाढवण्यालाही मर्यादा आहे. सेन्सरवरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवरचा, प्रत्येक बिंदू पागोळीखाली ठेवलेल्या घागरीसारखा असतो: भरली की पुढचं पाणी वाहून जातं. तिथे कापसाच्या तंतूंचा पोत नाहीसा होऊन नुसता पांढरा डाग उरतो आणि नंतर कितीही एडिट केलं तरी तो परत येत नाही. त्यामुळे बोंडाचे तंतू दिसेनासे होण्याआधी थांबायचं.

प्रकाश कमी-जास्त करायला कॅमेऱ्याकडे दोन वाटा आहेत: लेन्सचं छिद्र आणि शटरचा वेळ. छिद्राचं माप ‘एफ’ने सांगतात आणि आकडा वाढला की छिद्र लहान होतं: एफ २.८ वरून एफ ४ वर गेलं की प्रकाश निम्मा होतो. १/१२५ सेकंदावरून १/२५० वर गेलं तरी निम्माच. आयएसओ ही तिसरी वाट वाटते, पण तिच्याने नवा प्रकाश येत नाही, आलेला संकेत फक्त मोठा होतो. अंधारातले फोटो दाणेदार का येतात तेही यातूनच कळतं. प्रकाश फोटॉनच्या कणांनी येतो आणि त्या संख्येत वर्गमुळाइतका चढउतार असतोच. १०,००० फोटॉन आले तर चढउतार १०० चा, म्हणजे १ टक्का. १०० च आले तर १० चा, म्हणजे १० टक्के. हे दाणे निसर्गाच्या नियमातूनच येतात. म्हणून अंधाऱ्या जागी फोन भिंतीला टेकवून शटर जास्त वेळ उघडं ठेवलेलं केव्हाही बरं.

सूर्य कुठे आहे यावरही पुष्कळ अवलंबून असतं. मराठवाड्यात मे महिन्यात सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर येतो आणि माणसांच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. तोच सूर्य क्षितिजापासून १० अंशांवर असला की सावली वस्तूच्या उंचीच्या साडेपाच पटींहून लांब पडते आणि ढेकळाचा, पानाच्या शिरेचा उठाव दिसतो. वेरूळचं कैलास लेणं पश्चिमाभिमुख आहे. तिथल्या दर्शनी शिल्पांवर ऊन हवं असेल तर सकाळची घाई न करता दुपारनंतर जावं. तो काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट. आपली काळी माती त्याच खडकाच्या झिजेतून झालेली, त्यामुळे उणे १ चा हिशोब तिथेही चालतो.

सगळ्यात जास्त जपायचं ते वेचणाऱ्या बायांच्या चेहऱ्यांना. मागे पांढराशुभ्र कापूस, समोर उन्हाने रापलेला आणि पदराच्या सावलीत गेलेला चेहरा. मापक कापसाला भुलतो आणि चेहरा काळाठिक्कर येतो. जिचा फोटो आहे तीच त्यात दिसत नाही, हे मला फार लागतं. अशा वेळी बोट चेहऱ्यावर टेकवावं. मागचा कापूस फोटोत थोडा जळाला, म्हणजे नुसता पांढरा डाग झाला, तरी चालेल. त्याहून चांगला मार्ग म्हणजे मावशींना विचारून त्यांना गंजीकडे तोंड करून बसवायचं आणि आपण बाजूने फोटो घ्यायचा. कापूस प्रकाश चहूकडे विखरून पाठवतो, तो खालून वर चेहऱ्यावर येतो आणि पदराखालची सावली उजळते. स्टुडिओत यासाठी पांढरा रिफ्लेक्टर धरतात. रानात तो क्विंटलांनी पडलेला असतो.