चोपण जमिनीचं औषध, कचराडेपोचं दुखणं

शहराच्या हद्दीवर नवा कचराडेपो यायचा म्हटलं की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. विरोध करणारे म्हणतात, सगळं घाण पाणी आमच्या विहिरीत उतरणार. समजूत घालायला आलेले म्हणतात, काळजी नको, खाली काळी माती आहे, तिच्यातून पाणी मुरतच नाही. पहिलं वाक्य भावनेचं म्हणून बाजूला पडतं आणि दुसरं शास्त्रीय म्हणून खपतं. पण काळ्या रानाच्या शेतकऱ्याला विचारा. मे महिन्यात त्याच्या रानात अख्खा हात जाईल अशा भेगा असतात आणि वळवाचं पाणी त्यांतून थेट खाली उतरतं.

तरीही त्या दुसऱ्या वाक्यात अर्धं सत्य आहेच. कचरा अडवून धरण्याचं सगळं तंत्र याच जातीच्या मातीवर उभं आहे. फक्त ‘कुठली माती’ एवढं विचारून भागत नाही. त्या मातीच्या अंगावर कुठला आयन, म्हणजे विद्युत भार असलेला अणू, बसलाय, हेही विचारावं लागतं.

मुंबईतल्या देवनारला १९२७ पासून कचरा पडतोय. तेव्हा खाली अस्तर घालायचं ही कल्पनाच नव्हती. खाडीकाठची दलदल होती, भर घाला म्हणून घातली. पुढे नियम आले. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये सांगितलं होतं की भरावाच्या तळाशी ९० सेंटीमीटर जाडीचा चिकणमातीचा थर हवा, त्यावर दीड मिलिमीटर जाडीचं एचडीपीई प्लास्टिक हवं, आणि भूजलाची पातळी कितीही वर आली तरी चिकणमातीच्या तळापासून किमान दोन मीटर खाली असायला हवी. त्या मातीची पारगम्यता, म्हणजे तिच्यातून पाणी किती वेगाने जाऊ शकतं तेही, ठरवून दिली होती : सेकंदाला एक सेंटीमीटरच्या एक कोटीव्या भागापेक्षा जास्त नाही.

वर्षात साधारण ३ कोटी १५ लाख सेकंद असतात. म्हणजे या मातीतून वर्षाला जेमतेम ३.१५ सेंटीमीटर उंचीचं पाणी जाईल. ९० सेंटीमीटरला २८ वर्षं? नाही. पाणी अख्ख्या मातीतून जात नाही, फक्त कणांमधल्या पोकळीतून जातं, आणि पोकळी असते एकूण जागेच्या चार दशांशाच्या आसपास. शिवाय थरावर कचऱ्याचं झिरपलेलं काळं पाणी, ज्याला लीचेट म्हणतात, साचून दाब देतं. ते ३० सेंटीमीटर साचलंय असं धरलं तर नुसत्या मातीचा थर ओलांडायला त्याला आठ-नऊ वर्षं लागतात. आणि पारगम्यता दहापट वाढली तर एक वर्षही लागत नाही. प्लास्टिक आहे ना वर, असं कुणी म्हणेल. आहे, आणि त्याचा फार उपयोग आहे. पण त्याला जोड असतात, अंथरताना त्याखाली खडे येतात, आणि टोल्युइनसारखे काही सेंद्रिय रेणू तर न फाटलेल्या एचडीपीईमधूनही विसरणाने आरपार जातात. प्लास्टिकला भोक पडलं तरी गळती थोडीच होते, ती खाली चिकणमाती घट्ट चिकटून बसलेली असते म्हणून. शेवटी सगळं त्या मातीवरच येतं.

आता माझ्या आवडत्या भागाकडे वळतो.

दख्खनचा बेसाल्ट झिजून जी काळी माती झाली, तिच्यातलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. बेंटोनाइट म्हणून बाजारात जी माती मिळते तिच्यातही तेच, पण फार मोठ्या प्रमाणात. आपल्याकडे बेंटोनाइट कच्छमधून आणि राजस्थानातून येतं. मेट्रोच्या किंवा टॉवरच्या कामावर पायलिंगच्या खड्ड्यात राखाडी, बुळबुळीत पाणी भरलेलं दिसतं ना, ते बेंटोनाइटचंच कालवण. खड्ड्याच्या कडा ढासळू नयेत म्हणून भरलेलं.

मॉन्टमोरिलोनाइट म्हणजे पत्त्यांचा कॅट समजा. एकेक पत्ता फक्त एक नॅनोमीटर जाड. प्रत्येक पत्त्यात तीन पापुद्रे : वर-खाली सिलिकाचे आणि मध्ये ॲल्युमिनाचा. मधल्या पापुद्र्यात काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम शिरलेलं असतं. ॲल्युमिनियमवर तीन धन भार, मॅग्नेशियमवर दोन. त्यामुळे अख्ख्या पत्त्यावर थोडा ऋण भार उरतो. निसर्गाला असा उघडा भार चालत नाही, म्हणून पत्त्यांच्या मधल्या फटींत सोडियम, कॅल्शियम असे धन आयन येऊन बसतात. हे कायमचे रहिवासी नव्हेत, भाडेकरू. दुसरा आला की पहिला बाहेर पडू शकतो. आणि हे सगळे पत्ते सुटे करून मांडले तर एका ग्रॅम मातीचं पृष्ठफळ साडेसातशे चौरस मीटरच्या घरात जातं. एका ग्रॅममध्ये साडेसात गुंठे!

भाडेकरू सोडियम असेल तर काय होतं पाहा. फटीत सोडियमची गर्दी, बाहेर जवळजवळ शुद्ध पाणी. आयनांना बाहेर पसरायचं असतं, पण पत्त्यांचा ऋण भार त्यांना सोडत नाही. मग पाणीच आत येतं. पत्ते एकमेकांपासून दूर सरकतात, आधी थोडे, मग इतके की कॅट मोडून प्रत्येक पत्ता आपापलं पाणी धरून वेगळा होतो. हे धरलेलं पाणी सहजासहजी वाहत नाही. कणांमधल्या मोकळ्या वाटा फुगलेल्या जेलीने भरून जातात आणि नव्या पाण्याला जायला जागाच उरत नाही. बेंटोनाइट पाणी अडवतं ते टणक असतं म्हणून नाही, आधीच पाण्याने तट्ट भरलेलं असतं म्हणून.

भाडेकरू कॅल्शियम असेल तर गोष्ट बदलते. कॅल्शियमवर दोन धन भार. एकच आयन शेजारच्या दोन पत्त्यांना जवळ ओढून धरतो. फटीत पाण्याचे तीन-चार थर शिरतात, एका पत्त्यापासून पुढच्या पत्त्यापर्यंतचं अंतर १.९ नॅनोमीटरच्या आसपास जातं आणि तिथेच अडकतं. सोडियमच्या बाबतीत हेच अंतर चार नॅनोमीटरच्या पुढे जाऊन वाढतच राहतं. कॅल्शियमवाले पत्ते गठ्ठ्यांनी राहतात, आणि गठ्ठ्यांच्या मधे रुंद, मोकळ्या वाटा उरतात.

हे डोळ्यांनी पाहता येतं. शंभर मिलिलिटरच्या मोजपात्रात शुद्ध पाणी घ्यायचं, त्यात दोन ग्रॅम बारीक बेंटोनाइट चिमटीचिमटीने भुरभुरायचं, घाई करायची नाही, आणि रात्रभर पात्र तसंच ठेवायचं. चांगलं सोडियम बेंटोनाइट सकाळी २४ मिलिलिटरच्या रेषेच्या वर फुगून बसलेलं असतं. हाच प्रयोग कॅल्शियम क्लोराइडच्या बऱ्यापैकी तीव्र द्रावणात केला तर तीच माती आठ-दहा मिलिलिटरवर थांबते आणि वाळूसारखी खाली बसते.

आता सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात चला. पाण्याचा अतिवापर आणि निचऱ्याचा अभाव यांनी तिथली कितीतरी रानं क्षारपड झाली. त्यातली चोपण जमीन सगळ्यात वाईट. पाणी दिलं तर वर चिखल आणि वीतभर खाली कोरडं, वाळली की कुदळ उसळते, वाफसा म्हणून येत नाही. कारण पत्त्यांमध्ये सोडियम बसलंय. शेतकरी काय करतो? चर काढतो आणि जिप्सम टाकतो. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. कॅल्शियम आत शिरतं, सोडियम बाहेर पडून चरातून वाहून जातं, माती गठ्ठ्यांनी राहू लागते आणि पाणी मुरायला लागतं. खानदेशात धाब्याच्या घरावर खारी माती टाकतात ती याच्या नेमकी उलट गरजेपोटी. तिथे पाणी मुरायला नको असतं, म्हणून सोडियमवालीच माती हवी.

कचराडेपोच्या तळाला हवी असते ती चोपण माती. आणि कचऱ्यातून येणारं पाणी तिला जणू जिप्सम पाजत असतं.

बांधकामाचा राडारोडा, प्लास्टर, चुना, राख, हाडं, सगळ्यांतून कॅल्शियम सुटतं. लीचेटमध्ये ते भरपूर असतं. लीचेट तरी कशाला हवं? अमेरिकेत अभियंते क्रेग बेन्सन आणि सहकाऱ्यांनी बंद केलेल्या काही भरावांच्या वरच्या आच्छादनातून बेंटोनाइटच्या चादरी उकरून काढल्या. या चादरींना जीसीएल म्हणतात. दोन कापडांच्या मधे सेंटीमीटरभराहून पातळ बेंटोनाइट, गालिच्यासारखी गुंडाळी करून साइटवर येते. चार ते अकरा वर्षं जमिनीत राहिलेल्या त्या चादरींची पारगम्यता २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. काही तुकडे अजूनही नव्यासारखे होते, तर काहींतून पाणी हजारो पट जास्त जात होतं. त्यांच्यावर कचरा नव्हता, फक्त माती आणि पाऊस. वरच्या मातीतलं कॅल्शियम झिरपत आलं, सोडियमची जागा घेतली, मग उन्हाळ्यात चादर वाळली, भेगा पडल्या, आणि पुढच्या पावसात त्या बुजल्या नाहीत. सोडियमवाली माती भेग बुजवते, कॅल्शियमवाली बुजवत नाही. आपल्या काळ्या मातीत बहुतेक ठिकाणी कॅल्शियमच जास्त असतं, चुनखडीचे खडे तर नुसत्या डोळ्यांना दिसतात. तेव्हा ‘खाली काळी माती आहे’ हे उत्तर पुरेसं का नाही, हे इथे कळतं.

जाता जाता एक. हीच बेंटोनाइट माती पाण्यात कालवून प्यायला ऑनलाइन विकली जाते, शरीरातली ‘विषं ओढून घेते’ म्हणे. आयनांची अदलाबदल खरी आहे, पण मातीला विष आणि पोषण यांतला फरक कळत नाही. उलट ती स्वतःबरोबर काय घेऊन येईल याचाही भरवसा नाही; २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने बेंटोनाइटच्या एका उत्पादनात शिसं सापडल्याने ग्राहकांना सावध केलं होतं. कचऱ्याखाली घालायची वस्तू कचऱ्याखालीच बरी.

तिथेसुद्धा ती सगळं धरत नाही. शिसं, कॅडमियम हे धन भाराचे, ते पत्त्यांना चिकटतात. क्लोराइड, नायट्रेट हे ऋण भाराचे, ते चिकटत नाहीत. आर्सेनिकही पाण्यात बहुधा ऋण रूपातच फिरतं. आणि आर्सेनिक म्हटलं की औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेकडे यावं लागतं.

भारतीय कोळशात राख तीस ते पंचेचाळीस टक्के. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, परळी, भुसावळ, एकलहरे, जिथे वीजकेंद्र तिथे राखेचा तलाव. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला तेव्हा ही राख किती पातळ होऊन पळते ते लोकांनी पाहिलं. डिसेंबर २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार वीजकेंद्रांनी सगळी राख वापरात आणली पाहिजे, न वापरलेल्या राखेवर टनामागे हजार रुपये भरपाई आहे. सिमेंटमध्ये बरीच खपते. पोझोलाना सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत राख चालते. पण सगळ्यात सुंदर वापर मला वाटतो तो काळ्या मातीच्या रस्त्यांत.

काळ्या मातीवरचा रस्ता पावसाळ्यात उचलतो, उन्हाळ्यात खचतो. तिच्यात चुना मिसळला की काही तासांत चिकटपणा कमी होतो, कारण चुन्यातलं कॅल्शियम फटींत गर्दी करतं. हा पहिला टप्पा. दुसरा सावकाश चालतो : चुन्यामुळे सामू (पीएच) बाराच्या वर जातो, तेवढ्या अल्कलीत राखेतली काचेसारखी सिलिका विरघळते, आणि कॅल्शियमशी जुळून सिमेंटमध्ये असतो तसाच बंध तयार होतो. आठवडे लागतात, पण मग थर टणक होतो. आपल्या दगडी कोळशाच्या राखेत स्वतःचा चुना कमी, म्हणून तो वरून घालावा लागतो. जे कॅल्शियम लायनरमध्ये, म्हणजे डेपोच्या तळाच्या अस्तरात नको, ते रस्त्याखाली मुद्दाम विकत आणून घालायचं. फॉस्फोजिप्समचंही तसंच. खत कारखान्यात फॉस्फोरिक आम्ल करताना आम्लाच्या चार-पाच पट जिप्सम मागे उरतं, ते चोपण जमिनीला चालतं. मात्र त्यात फ्लोराइड आणि थोडं रेडियम असतं, तेव्हा ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणत कुठेही पसरायची ती वस्तू नव्हे.

गोची होते ती राखेच्या तलावाखाली बेंटोनाइटची चादर घालताना. राखेच्या पाण्यात कॅल्शियम, सल्फेट आणि इतर क्षार इतके असू शकतात की साधं सोडियम बेंटोनाइट फुगायच्या आधीच हरतं. आधी स्वच्छ पाण्याने भिजवून फुगवून घेतलं तर थोडा वेळ मिळतो, कारण फुगलेल्या जेलीत शिरून अदलाबदल करायला कॅल्शियमला वाट शोधावी लागते. वेळ मिळतो, अभय नाही. म्हणून हल्ली बेंटोनाइटमध्ये पॉलिमर मिसळतात, उदाहरणार्थ बाळांच्या डायपरमध्ये असतं त्या कुळातलं सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. माती फुगली नाही तरी पॉलिमरचं जेल वाटा बुजवतं. पण ते जेल पाण्याबरोबर हळूहळू वाहूनही जाऊ शकतं, आणि त्यावरच सध्या बरंच संशोधन चालू आहे.

कचराडेपोची किंवा राखेच्या तलावाची जनसुनावणी असेल तर पर्यावरण आघात अहवालाचा मराठी सारांश मिळायला हवा, तसा नियम आहे. त्यात लायनरच्या पारगम्यतेचा आकडा बहुधा असतो आणि तो नियमात बसणाराही असतो. विचारायचं ते पुढचं : चाचणीला पाणी कुठलं वापरलं? प्रयोगशाळेच्या नळाचं पाणी वापरून आठवड्याभरात काढलेला आकडा पहिल्या आठवड्यापुरताच खरा. चाचणी लीचेट घेऊन किंवा राखेचं पाणी घेऊन करायची असते, आणि नमुन्याच्या एका तोंडाने आत जाणारं पाणी आणि दुसऱ्या तोंडाने बाहेर येणारं पाणी यांची विद्युतवाहकता जवळजवळ सारखी होईपर्यंत ती चालू ठेवायची असते. ती सारखी झाली म्हणजे आतली अदलाबदल संपली. पातळ द्रावणात याला कधी कधी वर्ष-दोन वर्षंही लागतात.