फोटोकॉपी आणि रीव्हॅल्युएशन: अर्ज नेमका कुठं अडतो

निकाल लागला की उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी किंवा रीव्हॅल्युएशन, म्हणजे पेपर पुन्हा तपासून घेणं, यांचे फॉर्म भरायला साताऱ्यातल्या आमच्या दुकानात पोरांची गर्दी होते. फॉर्म भरायला पाच मिनिटं पुरतात. अडतं ते त्याआधी केलेल्या चुकांमुळे, आणि दर सेमिस्टरला त्याच चुका.

सगळ्यात जास्त बळी तारखेचे. मुदत मोजली जाते ती निकाल ऑनलाइन जाहीर झाला त्या दिवसापासून. छापील मार्कशीट कधी मिळाली याला काही अर्थ नसतो. कोरेगावकडची एक मुलगी मार्कशीट प्लास्टिकच्या फोल्डरात जपून घेऊन आली. कॉलेजने ती आदल्या दिवशीच दिली होती, आणि अर्जाची लिंक बंद होऊन आठवडा उलटला होता. नोटीस लावली होती म्हणे. ऑफिसच्या काचेआड, शिष्यवृत्तीच्या यादीखाली. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे परीक्षा संपल्यावर ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लावायचा असतो. विद्यापीठाने ती मुदत चुकवली तर त्याला मात्र कुणी 'लिंक बंद झाली' म्हणत नाही, एवढंच.

अर्ज पास-नापास कुणीही करू शकतो. सीट नंबर, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), निकालाची प्रिंट जवळ ठेवा, शुल्क विषयागणिक. फोटोकॉपी आणि रीव्हॅल्युएशन हे दोन वेगळे अर्ज, त्यांच्या तारखाही वेगळ्या. आधी फोटोकॉपी मागवा, बेरीज स्वतः करा, एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का ते पाहा आणि विषयाच्या सरांना दाखवा. मगच पुढचे पैसे भरा.

सातारा, सांगलीची बहुतेक कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची. पण छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट आणि धनंजयराव गाडगीळ कॉमर्स कॉलेज ही साताऱ्यातली तीन आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात आहेत. स्वायत्त कॉलेज असेल तर परीक्षा कॉलेजचीच, अर्जही तिथंच. पदवीवर कुणाचं नाव येणार हे पाहून पोरं भलत्याच पोर्टलवर पीआरएन टाकत बसतात.

आता इंटर्नलचे मार्क. लेखी पेपर चांगला गेला, पण ट्युटोरियल, सेमिनार किंवा प्रोजेक्टपुढे शून्य लागलंय. यावर रीव्हॅल्युएशन चालत नाही, प्रॅक्टिकललाही नाही. हे मार्क कॉलेजातून भरले जातात, म्हणून दुरुस्तीचं पत्रही कॉलेजातूनच जायला हवं. विभागप्रमुखांना लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. तोंडी 'बघतो' म्हणालेलं पुढच्या सेमिस्टरपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही. जमा केलेल्या प्रोजेक्टचा पहिल्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर निम्मं काम झालं.

पेपर देऊनही 'गैरहजर' आलं असेल, तर पुरावा हॉलतिकिटाचा. पर्यवेक्षकाची सही असलेलं. आणि तेच कुणाकडे नसतं! शेवटचा पेपर झाला की ते स्टँडवरच्या भेळेचा कागद होतं. नसेल तर परीक्षा केंद्र असलेल्या कॉलेजात जाऊन त्या दिवसाच्या हजेरीपत्रकावरची आपली सही शोधायला लावा. मागे लागावं लागेल, पण सापडते.

आणि एक, हात जोडून सांगतो. रीव्हॅल्युएशन टाकलंय म्हणून बॅकलॉगचा, म्हणजे राहिलेल्या विषयाच्या परीक्षेचा, फॉर्म भरायचा राहू देऊ नका. तो निकाल बऱ्याचदा पुढच्या परीक्षेच्या तोंडावर येतो. 'सुटणारच आहे' म्हणत थांबलेला एक जण पेपरच्या आदल्या दिवशी लेट फी घेऊन आला होता. तेव्हा लेट फीची मुदतही संपली होती.