डिस्क गोल्फ : नेमका सराव (खानदेशातील मैदानांच्या संदर्भात)

डिस्क गोल्फ हा प्लॅस्टिकची चकती, म्हणजे डिस्क, हाताने फेकत कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या बास्केटमध्ये पोचवण्याचा खेळ आहे. प्रस्तुत नोंद खेळापेक्षा त्याच्या सरावाविषयी आहे. त्यातही एका वेळी एकच गोष्ट हातात घेऊन, अंतर मोजून आणि चूक टिपून केलेल्या सरावाविषयी. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांचे ऊन, वारा आणि काळी माती त्यासाठी डोळ्यांपुढे ठेवली आहे. सकाळी मैदानावर जाऊन शंभर डिस्क भिरकावणे आणि घामाघूम होऊन घरी येणे यालाही लोक सराव म्हणतात. त्याने दंड भरतात, गुणफलक मात्र जागचा हलत नाही.

खेळाचा इतिहास फार जुना नाही. वॉल्टर मॉरिसन याची उडती तबकडी व्हॅम-ओ या अमेरिकन कंपनीने १९५७ मध्ये बाजारात आणली आणि पुढे ती फ्रिस्बी या नावाने जगभर गेली. त्याच कंपनीत काम केलेल्या एड हेड्रिक याने १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह येथे पहिले कायमस्वरूपी मैदान उभारले, पुढच्या वर्षी व्यावसायिक खेळाडूंची संघटना काढली आणि १९७७ मध्ये साखळ्यांच्या बास्केटचे पेटंट मिळवले. १९८३ मध्ये डेव्ह डनिपेस याने उतरत्या, धारदार कडेची डिस्क बनवली आणि फ्रिस्बी व गोल्फची डिस्क यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. फ्रिस्बी तरंगते, गोल्फची डिस्क हवा कापत जाते. लहानपणी गच्चीवर फ्रिस्बी खेळलेल्याला पहिले काही दिवस ही डिस्क ऐकत नाही, ती यामुळेच.

उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा ओढून, फेकलेली डिस्क वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. वेग भरपूर असेतो ती किंचित उजवीकडे झुकते आणि वेग उतरला की डावीकडे वळून खाली येते. डिस्कवर छापलेले चार आकडे हेच सांगतात : पहिला वेगाचा, दुसरा तरंगण्याचा, तिसरा सुरुवातीच्या कलाचा, चौथा शेवटच्या वळणाचा. नवखा खेळाडू हमखास वेगाचा आकडा १२-१३ असलेली डिस्क विकत घेतो. तेवढा वेग हातात नसतो, त्यामुळे ती निघाल्या निघाल्या डावीकडे कोसळते आणि तो आणखी जोर लावतो. पहिले दोन-तीन महिने एक पुटर (बास्केटजवळच्या फेकीची संथ डिस्क) आणि एक मिडरेंज (मधल्या अंतराची) एवढेच जवळ असावे, असे या नोंदकर्त्याचे स्पष्ट मत आहे. संथ डिस्क चूक लपवत नाही. मनगट वाकडे सुटले तर ती लगेच डगमगते. नाक, म्हणजे डिस्कची पुढची कड, वर राहिले तर वर चढून जागीच थबकते आणि डावीकडे पडते. नाक वर राहणे हा नवख्यांचा सगळ्यांत मोठा दोष, आणि तो नव्वद टक्के ताकदीने फेकताना कधीच सुटत नाही. अर्ध्या ताकदीने सुटतो.

सराव कुठे करायचा याचे उत्तर गुणांच्या हिशेबात आहे. अठरा बास्केटच्या फेरीत टी-पॅडवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, ड्राइव्ह, म्हणजे पहिल्या लांब फेकी, अठराच असतात. पुट, म्हणजे बास्केटजवळून तिच्यात टाकण्याच्या फेकी, तेवढे तरी होतातच आणि चुकले तर वाढतात. ड्राइव्ह दहा मीटर लांब गेला म्हणून फेक वाचेलच असे नाही. पाच मीटरवरचा पुट चुकला तर एक पूर्ण फेक वाढते, आणि डिस्क साखळीला न लागता पलीकडे गेली तर परतीचा पुटही सोपा राहत नाही. तरीही कोणत्याही मैदानावर पाहा, तासातली पन्नास मिनिटे लांब फेकण्यात जातात. लांब फेक दिसायला देखणी असते, बघणारे थांबतात. पुटकडे कोण बघतो?

पुटच्या सरावासाठी १० मीटर हे अंतर ध्यानात ठेवावे. बास्केटपासून १० मीटरच्या आत असताना फेकल्यानंतर तोल सावरून दाखवल्याशिवाय खेळाडूला आपल्या खुणेच्या (मागची फेक जिथे थांबली त्या जागेच्या) पुढे पाऊल टाकता येत नाही. म्हणून सरावातही फेकीच्या जोरात पुढे धडपडण्याची सवय लावू नये. तीन मीटरपासून सुरुवात करावी. पाचच डिस्क घ्याव्यात : पाच फेकायच्या, चालत जाऊन गोळा करायच्या, परत यायचे. या चालण्यात मागची फेक डोक्यात मुरते. वीस डिस्कचा ढीग समोर ठेवून यंत्रासारखे फेकत राहिले की अकराव्या फेकीपासून मन भलतीकडे जाते.

खेळाडूंमध्ये रूढ असलेला एक सराव-खेळ इथे सांगण्याजोगा आहे. १० मीटरवरून पाच डिस्क फेकायच्या. पाचही गेल्या तर पुन्हा १० मीटर, चार गेल्या तर ९, तीन गेल्या तर ८, दोन गेल्या तर ७, एक गेली तर ६ आणि एकही नाही तर ५ मीटर. प्रत्येक वेळी अंतर गुणिले गेलेल्या डिस्क एवढे गुण. समजा १० वरून तीन गेल्या, ३० गुण. मग ८ वरून चार, ३२. मग ९ वरून दोन, १८. पुढची पाळी ७ मीटरवरून. असे वीस वेळा केले की शंभर पुट होतात आणि जास्तीत जास्त गुण होतात १,०००. या खेळाची खुबी अशी की तो कंटाळू देत नाही आणि खोटे बोलू देत नाही. अंतर सतत बदलत असल्याने हात एकाच जोराला चटावत नाही.

अंतर बदलत ठेवण्याला संशोधनाचाही आधार आहे. १९७८ मध्ये केर आणि बूथ यांनी लहान मुलांना दाण्यांच्या पिशव्या नेमक्या जागी फेकायला लावल्या. एका गटाने परीक्षेच्याच अंतरावरून सराव केला. दुसऱ्या गटाने त्याहून जवळच्या आणि लांबच्या अंतरांवरून केला, परीक्षेचे अंतर त्यांच्या वाट्याला आलेच नव्हते. परीक्षेत दुसरा गट सरस ठरला. पुढच्याच वर्षी शे आणि मॉर्गन यांनी दाखवले की एकच हालचाल ओळीने घोटली तर सराव चालू असताना प्रगती झपाट्याने दिसते, पण काही दिवसांनी हातात राहते ती उलटसुलट क्रमाने केलेल्या सरावाची. अगदी पहिल्या आठवड्यातल्या माणसाला मात्र हे लागू करू नये. डिस्क धरायची कशी हेच ज्याला उमगलेले नाही, त्याने एकच फेक घोटलेली बरी.

मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन व त्याच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनमधील व्हायोलिनवादकांचा अभ्यास करून हेतुपूर्वक सरावाची कल्पना मांडली. तिचा पुढे ‘दहा हजार तास सराव केला की कुणीही निष्णात’ असा बाजारू गुणाकार झाला, तो मूळ मांडणीला धरून नाही. मूळ मुद्दा तासांचा नव्हताच : आपल्या सध्याच्या कुवतीच्या किंचित पलीकडचे काम, चुकीची तत्काळ जाणीव, आणि दुरुस्ती करून पुन्हा तेच. असे लक्ष तासाभराच्या पुढे टिकत नाही. म्हणून रोज चाळीस मिनिटे रविवारच्या चार तासांपेक्षा भारी पडतात.

ड्राइव्हविषयी खानदेशातल्या माणसाला वेगळे सांगायला नको असे एक उदाहरण आहे. ज्वारी-बाजरी हुरड्यात आली की माळ्यावर उभे राहून पाखरे हाकणाऱ्याची गोफण आठवावी. तो दंडाने खडा फेकत नाही. पाय रोवतो, कंबर फिरते, मग खांदा, मग कोपर, आणि सगळ्यांत शेवटी दोरीचे एक टोक सुटते. टोक जरा आधी सुटले तर खडा शेजाऱ्याच्या वावरात. डिस्कचा ड्राइव्हही याच क्रमाने घडतो : उजवा पाय, डावा पाय त्याच्या मागून, पुन्हा उजवा रोवला, कंबर थांबली आणि हात ओढला गेला. साम्य इथे संपते, कारण खड्याला गिरकी लागत नाही आणि डिस्क गिरकीवाचून उडतच नाही. ती गिरकी डिस्क छातीजवळून सरळ रेषेत ओढण्यातून येते. हात छातीभोवती गोल फिरवला की जोर वाटतो भरपूर, डिस्क मात्र कुठेही जाते.

सुटण्याच्या दिशेत एका अंशाची चूक ६० मीटरवर साधारण एक मीटर होते. म्हणून मैदानात टी-पॅडपासून दहा मीटरवर दोन काठ्या रोवून दोन मीटरचे फाटक करावे आणि अर्ध्या ताकदीने त्यातून डिस्क काढावी. बांधावरच्या दोन निंबांमधली फटही चालते. कपाशीची उलंगवाडी होऊन पऱ्हाट्या उपटल्या की मोकळे वावर उत्तम मिळते, मालकाला विचारून. केळीच्या बागेकडे तोंड करून फेकू नये. पाने फाटतात, डिस्क ओळींत हरवते, आणि रावेर-यावलकडचा शेतकरी घडापेक्षा पानाला कमी जपत नाही. मेहरूण किंवा कोणत्याही तलावाच्या काठीही तेच : गोल्फच्या बहुतेक डिस्क बुडतात.

मोबाइल हा सरावातला स्वस्त मास्तर. पाण्याच्या जारला टेकवून पाठीमागून आणि बाजूने संथ गतीचे चित्रण घ्यावे. स्वतःला पाहून बहुतेकांना धक्का बसतो. जे सरळ वाटत होते ते सरळ नसते. मात्र फेकताना मनगट-कोपराचा विचार करू नये. हालचाली कशा शिकल्या जातात याच्या अभ्यासक गॅब्रिएल वुल्फ यांच्या प्रयोगांनुसार लक्ष अवयवावर ठेवण्यापेक्षा बाहेरच्या परिणामावर ठेवले तर हालचाल चांगली शिकली जाते. पुटच्या वेळी अख्खी बास्केट न पाहता साखळीची एक कडी पाहावी. चिकित्सा चित्रण पाहताना, फेकताना फक्त कडी.

हवामानाचा सराव हा खानदेशाचा खास विषय. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांचे जंगल उगाच उभे नाही. समोरचा वारा डिस्कला तिच्या खऱ्या वेगापेक्षा जास्त वेगात असल्यासारखी वागवतो, म्हणून ती उजवीकडे उलटते. पाठीचा वारा तिला लवकर खाली आणि डावीकडे आणतो. तेव्हा एकच डिस्क घेऊन आधी वाऱ्यात आणि मग उलट दिशेने, अशा जोड्यांनी फेकी कराव्यात. वारा पडेपर्यंत थांबणाऱ्याला वाऱ्यात खेळता येत नाही.

उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो. १५ अंशांच्या सकाळपेक्षा ती हवा सुमारे ९ टक्क्यांनी विरळ असते, त्यामुळे डिस्कला उचल कमी मिळते आणि ती लवकर डावीकडे ओढते. हजार मीटरहून उंच असलेल्या तोरणमाळावरही हाच अनुभव येतो. त्यामुळे मे महिन्यात फेक अचानक आखूड झाली तर लगेच हात बदलायला घेऊ नये. सराव सकाळी ६ ते ८ च्या दरम्यान उरकावा. डिस्क उन्हात किंवा बंद गाडीत ठेवली की मऊ पडून कड वाकते. ती ओल्या रुमालात गुंडाळून सावलीला ठेवावी. उलट थंडीत धुळ्याकडे पारा एक आकडी होतो, प्लॅस्टिक कडक होते आणि गारठलेल्या बोटांतून डिस्क आधीच निसटते.

बास्केट घरी करता येते. रिकाम्या तेलाच्या डब्यात सिमेंट ओतून मधोमध लोखंडी पाइप उभा करायचा, वर सायकलची रिंग, रिंगेपासून पाइपाकडे आत ओढलेल्या दहा-बारा साखळ्या, खाली केळीचे कॅरेट कापून बांधलेले. साखळीचा कंजूषपणा करू नये. तिच्याऐवजी गोणपाट टांगले तर कडेला जोरात लागलेली डिस्कही आत पडते आणि वाईट पुटला शाबासकी मिळते. साखळी तशी डिस्क बाहेर फेकते. शाळेच्या मैदानावर असला सांगाडा उभा राहिला की फिरायला आलेले आजोबा ‘हाई काय शे भाऊ?’ म्हणून थांबतातच. त्यांच्या हाती एक डिस्क द्यावी. बघणारा असताना पडणारे पुट आणि एकट्याने पडणारे पुट यांतला फरकही सरावाच्या नोंदवहीत येण्याजोगा असतो.

वही म्हणजे दहा रुपयांची चोपडी पुरे. एका पानावर तारीख, वारा, त्या दिवसाची एकच गोष्ट आणि आकडे. ‘सोमवार. वारा पश्चिमेचा, जोरात. ७ मीटर, ५० पैकी २७. चुकलेल्या २३ पैकी १६ खाली.’ शेवटचा आकडा सगळ्यांत मोलाचा. नुसते २७ पाहून मंगळवारी काय करायचे ते कळत नाही. १६ खाली म्हटल्यावर कळते की दिशा ठीक आहे, उंची कमी पडते, आणि मंगळवारची गोष्ट ठरते. ड्राइव्हसाठी लांबीपेक्षा पसारा लिहावा : दहा डिस्कपैकी सर्वांत डावी आणि सर्वांत उजवी यांत किती पावले.

पूर्ण ताकदीच्या फेकी दिवसाला तीस-चाळीसच्या पुढे नेऊ नयेत. कोपराच्या आतल्या बाजूला ठणका लागला तर आठवडाभर फक्त पुट.

पावसाळ्यात काळ्या मातीत हे सगळे बंद पडते. रोवलेला पाय चिखलात फिरत नाही, गुडघा मात्र फिरतो. जून ते सप्टेंबर बास्केट ओसरीवर येते, तीन-चार मीटरच मिळतात, आणि साखळ्यांच्या खळखळाटाने दुपारची झोप मोडली म्हणून शेजारून तक्रार येते. तेव्हा मागच्या भिंतीवर जुनी गोधडी टांगावी, साखळ्या सुतळीने सैलसर बांधाव्यात आणि फेकी दुपारऐवजी संध्याकाळी कराव्यात.