पार्श्वभूमी : वनमजुराचा ‘हंगाम’ कोणी ठरवला?

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा महाराष्ट्राच्या वनखात्याचा आगीचा हंगाम. या दिवसांत गावागावांतून माणसं रोजंदारीवर घेतली जातात. कागदावर ती ‘अग्निरक्षक’ असतात, बोलण्यात ‘फायर वॉचर’, विदर्भातल्या काही भागांत ‘अंगारी’. पाऊस लागला की काम संपतं. मग थकलेल्या मजुरीची किंवा कायम करण्याच्या मागणीची बातमी येते आणि तिच्यात ‘२४० दिवस’, ‘९६चा जीआर’, ‘२०१२चा जीआर’ (जीआर म्हणजे शासन निर्णय) असे उल्लेख असतात. ते वाचणाऱ्याला ठाऊकच आहेत असं धरून बातमी पुढे जाते. त्या उल्लेखांच्या मागे काय घडलं, ते इथे सांगतो.

आधी एक साधा हिशेब. फेब्रुवारीचे १४, मार्चचे ३१, एप्रिलचे ३०, मेचे ३१ आणि जूनचे १५ दिवस. आगीचा हंगाम भरतो १२१ दिवसांचा. कामगार कायद्यात एका वर्षाची सलग सेवा धरायला लागतात २४० दिवस. म्हणजे हंगामभर एकही खाडा न करता राबलेला माणूस या आकड्याच्या अर्ध्यावर पोचतो. सगळा वाद या दोन आकड्यांमधल्या फटीत आहे.

प्रश्न असा की जंगलातलं काम खरंच हंगामी आहे का? वर्ष डोळ्यांसमोर आणून पाहा. डिसेंबर-जानेवारीत जाळरेषांचं, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून मोकळ्या ठेवायच्या पट्ट्यांचं काम निघतं. दोन्ही कडांचं गवत कापून पट्ट्याच्या आत लोटायचं, वाळू द्यायचं आणि संध्याकाळी वारा पडला की पेटवायचं. दोन्ही बाजूंना माणसं हातात ओल्या फांद्या घेऊन उभी राहतात, ठिणगी पलीकडे गेली की तिथेच झोडपतात. हे एकदा करून भागत नाही. सागाचा पाला मार्चभर गळत राहतो, जळून स्वच्छ झालेल्या पट्ट्यावर आठवड्यात पुन्हा थर साचतो. म्हणून रेषा पुन्हा झाडायची. पूर्वी फांद्यांनी, हल्ली पाठीवरच्या ब्लोअरने. त्याच काळात मोहाचा हंगाम असतो. फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि ती आग पुष्कळदा तिथे थांबत नाही. ती विझवायला जाणारा माणूस त्याच गावचा असतो. पेटवणारा कोण हे त्याला बहुतेक वेळा माहीत असतं आणि संध्याकाळी त्याच गावात त्याला राहायचंही असतं.

मे महिन्यात रोपवनाचे खड्डे, उन्हाळाभर पाणवठ्यांवर पाणी, जुलैत लागवड, पुढे निंदणीच्या पाळ्या. रोपवाटिकेत पिशव्या भरण्याचं काम तर बहुतांश बायकाच करतात. दिवाळीनंतर कूपाची, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्याची कामं, नाक्यावरची पाळी, रात्रीची गस्त. बीटच्या, म्हणजे जंगलाच्या नेमून दिलेल्या भागाच्या वनरक्षकाची काही वर्षांनी बदली होते. नव्या गार्डला कुठला ओढा मेपर्यंत वाहतो, कुठल्या वाटेने चोरीचा साग निघतो, कुठल्या खोऱ्यात दुपारनंतर वारा उलटा फिरतो हे दाखवणारा माणूस रोजंदारीवरचा असतो. मस्टरवर (हजेरीपटावर) मात्र तो चार निरनिराळ्या लेखाशीर्षांखाली, म्हणजे खर्चाच्या खात्यांखाली, चार निरनिराळ्या कामांचा मजूर असतो आणि प्रत्येक काम आपापल्या जागी ‘तात्पुरतं’ असतं.

मी एका मजुराकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही पाहिली होती. दर दिवसाची तारीख, काम, ठिकाण आणि पुढे मुकादमाची सही. काही पानांवर सहीच्या जागी नुसती फुली, कारण त्या दिवशी मुकादम आला नव्हता. खात्याच्या मस्टरची प्रत त्याला कधीच मिळाली नाही. कोर्टात त्याची सगळी भिस्त त्या वहीवर होती.

याची मुळं जुनी आहेत. इंग्रजांनी राखीव जंगलं आखली, तेव्हाच आगीपासून राखण हे खात्याचं मोठं काम झालं. मध्य प्रांतात बोरीच्या जंगलात १८६४पासून पद्धतशीर अग्निसंरक्षण सुरू झालं. मध्य प्रांतात वनग्रामं वसवली गेली, तीही खात्याला हाताशी मजूर हवेत म्हणून. जमीन कसायला मिळे ती खात्याची कामं करण्याच्या अटीवर. म्हणजे हा मजूर सुरुवातीपासून जंगलाशी बांधलेला होता, फक्त नोकर म्हणून कधी मोजला गेला नाही. स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं यात फारसा फरक पडला नाही.

फरक पडला तो १९७०च्या दशकात, दोन बाजूंनी. एक, दुष्काळानंतर रोजगार हमी योजना (रोहयो) आली. तिचा कायदा १९७७चा, अंमल २६ जानेवारी १९७९पासून. खड्डे, चर, लागवड अशी खात्याची पुष्कळ कामं रोहयोवर होऊ लागली. दुसरं म्हणजे राज्याचा कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायदा, १९७१चा, १९७५पासून लागू. त्याच्या चौथ्या अनुसूचीत सहावी बाब आहे: कामगारांना बदली (दुसऱ्याच्या जागी), नैमित्तिक किंवा तात्पुरते म्हणून घेणं आणि कायम कामगाराचा दर्जा व फायदे मिळू नयेत या हेतूने वर्षानुवर्षं तसंच ठेवणं, ही अनुचित प्रथा. हे कलम लिहिलं गेलं तेव्हा डोळ्यांसमोर कारखाने होते. ते जंगलात पोचलं पुण्यातून.

पाचगाव पर्वती. पुणेकर आज तळजाईच्या टेकडीवर सकाळी फिरायला जातात, त्या भागातलं हे वन. १९७६मध्ये इथे सुमारे २४५ हेक्टरांवर शासनाने एक योजना घेतली. लोकांना विरंगुळा मिळावा, निसर्गाची ओळख व्हावी, असं तिचं स्वरूप होतं. मुदत सुरुवातीला पाच वर्षांची, पण काम पुढे चालूच राहिलं. या योजनेवरचे मजूर औद्योगिक न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं: पाच-सहा वर्षं आम्ही इथेच राबतो आहोत, कुणाचे वर्षाला शंभर दिवस भरतात, कुणाचे तीनशे तीस, मग आम्ही तात्पुरते कसे? नगर भागातल्या मजुरांचं प्रकरणही याच वाटेने वर गेलं.

शासनाने तीन मुद्दे मांडले. जंगल राखणं हे राज्याचं सार्वभौम कार्य आहे, म्हणून वनखातं ‘उद्योग’ नाही आणि कामगार कायदे लागूच होत नाहीत. योजना मुदतीची आहे, म्हणून कायम काम नाही. आणि अनुचित प्रथा ठरवायची तर फायदे नाकारण्याचा ‘हेतू’ मजुरांनी सिद्ध करावा.

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने डिसेंबर १९९५मध्ये तिन्ही मुद्दे फेटाळले. टेकडीवर झाडं लावून लोकांसाठी वन फुलवणं हे काम खासगी संस्थाही करू शकते. ते सैन्य राखण्यासारखं किंवा न्यायदानासारखं सार्वभौम कार्य नव्हे. आणि माणसाला वर्षानुवर्षं नैमित्तिक ठेवलं की हेतू त्या ठेवण्यातूनच दिसतो. या शेवटच्या वाक्याचं मोल मला फार वाटतं. ज्या मजुराकडे मस्टरची प्रतही नाही, त्याने खात्याच्या मनातला हेतू कुठून सिद्ध करायचा होता?

निकाल वाचताना एक गोष्ट मात्र नीट धरावी लागते. न्यायालय त्या योजनेपुरतं बोललं होतं. अख्खं वनखातं, त्याचं प्रत्येक काम, ‘उद्योग’ आहे असं त्यात म्हटलेलं नाही. पुढच्या तीस वर्षांचा गुंता इथूनच सुरू झाला. मजुरांच्या बाजूने हा निकाल सरसकट वाचला गेला, खात्याच्या बाजूने फक्त त्या एका टेकडीपुरता.

निकालानंतर दोनच महिन्यांत, ३१ जानेवारी १९९६ला, राज्याचा शासन निर्णय निघाला. १ नोव्हेंबर १९९४ला ज्यांची पाच वर्षं भरली आणि वर्षाला सरासरी २४० दिवस काम झालं, अशांना कायम करायचं. सुमारे आठ हजार मजूर यात आले. दुसरा निर्णय १६ ऑक्टोबर २०१२चा. नोव्हेंबर १९९४ ते जून २००४ या काळात पाच वर्षं दरसाल किमान २४० दिवस भरलेले ६,५४६ मजूर १ जून २०१२पासून कायम झाले. दोन्ही वेळा पदं निर्माण झाली ती ‘अधिसंख्य’, म्हणजे त्या माणसापुरती. तो निवृत्त झाला किंवा गेला की पदही संपतं.

खरी कात्री लागली ती दिवस मोजण्याच्या पद्धतीत. रोजगार हमीवर केलेलं काम धरायचं नाही, असं ठरलं. समजा एखाद्याने खात्याच्या मस्टरवर १८० दिवस भरले आणि उन्हाळ्यात त्याच रोपवनात, त्याच मुकादमाच्या हाताखाली रोहयोवर ७० दिवस खड्डे खणले. त्याने काम केलं २५० दिवस, मोजले गेले १८०. रोहयोवर कुणाला घ्यायचं आणि खात्याच्या मस्टरवर कुणाला, हे मजूर ठरवत नव्हता. माझ्या मते या दोन शासन निर्णयांतला सर्वांत अन्यायकारक भाग हाच आणि ‘कायम’ झालेल्यांच्या आकड्यांच्या आड तोच लपतो.

शब्दांचाही घोळ इथेच झाला. ‘कायम’ म्हणजे वेतनश्रेणीवरचा. ‘हंगामी’ म्हणजे चार महिन्यांचा. या दोहोंच्या मधे एक तिसरा शब्द रुळला, ‘बारमाही रोजंदारी’. बारा महिने कामावर, पण मजुरी दिवसाची. खात्याच्याच पत्रव्यवहारात एखाद्याला बारमाही म्हणायचं आणि न्यायालयात त्याचं काम हंगामी आहे असं सांगायचं, हे दोन्ही बरोबरीने चालत राहिलं. आता त्यात ‘कंत्राटी’ची भर पडली आहे. एजन्सीमार्फत माणूस घेतला की मालक कोण, इथपासून वाद सुरू होतो.

एप्रिल २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने एका वेगळ्याच राज्यातल्या प्रकरणात निकाल दिला: भरतीची रीतसर प्रक्रिया टाळून आलेल्याला नुसत्या वर्षांच्या जोरावर कायम होण्याचा हक्क नाही. त्यानंतर मजुरांच्या जवळजवळ प्रत्येक दाव्यात हा निकाल पुढे केला जाऊ लागला. २००९मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात न्यायालयाने खुलासा केला की त्या निकालाने अनुचित प्रथेवर आदेश देण्याचे औद्योगिक न्यायालयांचे अधिकार काढून घेतलेले नाहीत. दार बंद झालं नाही, पण मजुराला ते प्रत्येक वेळी नव्याने ठोठवावं लागतं.

२०१२च्या यादीत आलेल्यांनाही एक ठेच लागली. राज्याच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ला किंवा त्यानंतर आलेल्यांना जुनी पेन्शन नाही. ज्यांनी १९९५पासून डोंगर तुडवला, त्यांची सेवा कागदावर २०१२ला सुरू झाली.

८ एप्रिल २०२१ला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आग लागली. ती विझवायला गेलेले तीन जण होरपळून मेले, आणखी दोघे भाजले. मेलेले तिघेही हंगामी मजूर होते. आग आटोक्यात आली असं वाटत असताना वारा फिरला की काय होतं, हे रेषेवर उभं राहिलेला प्रत्येकजण जाणतो. त्या घटनेनंतर काही दिवस विमा, बूट, साधनं यांची चर्चा झाली. या माणसांना दर्जा काय द्यायचा, ही चर्चा तेव्हाही झाली नाही.

आणि वनखातं ‘उद्योग’ आहे का, हा मूळ प्रश्न वर्षानुवर्षं लटकत राहिला. २००१मध्ये दोन न्यायाधीशांच्या पीठाने गुजरातच्या प्रकरणात वनखातं उद्योग ठरत नाही असा कौल दिला. तो पुण्याच्या निकालाशी जुळत नव्हता. उत्तर प्रदेशच्या सामाजिक वनीकरणाच्या प्रकरणात ही विसंगती पुढे आली, २००५मध्ये पाच न्यायाधीशांनी ती मोठ्या पीठाकडे सोपवली आणि २०१७च्या जानेवारीत सात न्यायाधीशांनी ती नऊ जणांकडे पाठवली. देशातल्या ‘उद्योग’ या शब्दाच्या व्याख्येचा एवढा मोठा वाद रोपं लावणाऱ्या मजुरांच्या दाव्यांतून वर गेला, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. दरम्यान औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली. सरकारच्या सार्वभौम कार्यांशी निगडित काम तिच्या व्याख्येत उद्योगातून वगळलं आहे. म्हणजे पाचगाव पर्वतीवर शासनाने केलेला युक्तिवाद आता कायद्याच्या मजकुरातच येऊन बसला आहे, आणि जाळरेषेवरचा पाला झाडणं सार्वभौम कार्याशी निगडित आहे की नाही, हे पुन्हा कुणाला तरी न्यायालयात जाऊन विचारावं लागेल.

१९९६च्या यादीतले बहुतेक जण आता निवृत्त झाले आहेत, काही वारले. त्यांची पदं त्यांच्याबरोबर गेली. त्यांच्या बीटात फेब्रुवारीत दुसरा माणूस येतो, बऱ्याचदा त्यांच्याच घरातला, आणि त्याला काम असतं ते १५ जूनपर्यंत.