ब्रदरहूड नाणेनिधीच्या दारापर्यंत कसे पोहोचले?

नोव्हेंबर 2012मध्ये इजिप्तने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी 4.8 अब्ज डॉलरच्या कर्जाबाबत प्राथमिक सहमती केली. सत्तेवर राष्ट्राध्यक्ष मोहम्मद मोर्सी होते, म्हणजेच मुस्लिम ब्रदरहूड ही इस्लामी राजकीय संघटना. व्याज हराम म्हणणाऱ्यांनी कर्ज घ्यावे कसे, यावर सलाफी, म्हणजे कट्टर परंपरावादी, मंडळींनी बोट ठेवले. हे व्याज नव्हे, प्रशासकीय खर्च आहे, असे समर्थकांनी सांगितले. संघटनेचा इतिहास ठाऊक असलेल्यांना मात्र यात नवल वाटायचे कारण नव्हते.

हसन अल-बन्ना यांनी 1928मध्ये संघटना काढली ती इस्माइलियात, सुएझ कालवा कंपनीच्या गावात. परकीय कंपनीचा डामडौल आणि इजिप्शियन मजुरांची दैना तिथे रोज डोळ्यांसमोर होती. राग परकीय वर्चस्वावर होता. खासगी मालमत्ता आणि व्यापार यांना विरोध नव्हता. पुढे संघटनेने स्वतःच कंपन्या काढल्या.

1954नंतर इजिप्तचे सत्ताधीश, पुढे समाजवादाकडे वळलेले नासर यांनी संघटना चिरडली. अनेकजण तुरुंगात गेले, बरेच सौदी अरेबिया आणि आखातात. तिथे ते नोकरी-धंद्यात स्थिरावले आणि पुढे तेलाच्या पैशाने त्यांचे बरे चालले. ब्रदरहूडला समाजवादाचे वावडे झाले त्यात या वर्षांचा वाटा मोठा, असे मला वाटते.

बिनव्याजी बँकेचा गाजलेला प्रयोग मात्र नासरच्याच इजिप्तमध्ये झाला. 1963मध्ये नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील मीत घम्र गावी अहमद अल-नज्जार यांनी जर्मन बचत बँकांच्या धर्तीवर आपल्याकडच्या पतपेढीसारखी संस्था काढली. धार्मिक भाषा त्यांनी बेतानेच वापरली; सरकारचा डोळा चुकवायचा होता.

1974मध्ये नासर यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष सादात यांनी खुल्या अर्थव्यवस्थेचे, ‘इन्फिताह’चे, धोरण आणले आणि चित्र पालटले. आखातातून पैसा येऊ लागला, 1979मध्ये फैसल इस्लामिक बँकेचे काम सुरू झाले. या बँकांचा आवडता व्यवहार ‘मुराबहा’: बँक ग्राहकासाठी माल विकत घेते आणि नफा चढवून त्यालाच हप्त्याने विकते. व्याज नाही, पण हिशेब बाजाराचाच.

याच लाटेवर अल-रय्यानसारख्या गुंतवणूक कंपन्या फोफावल्या. ‘नफ्यातला वाटा’ म्हणून वर्षाला 20 टक्क्यांहून अधिक परतावा देत. 1988मध्ये सरकारने कायदा करून पाचर मारली, कंपन्या कोसळल्या आणि ठेवीदार देशोधडीला लागले.

तोवर ब्रदरहूडमध्ये व्यापारी पिढी तयार झाली होती. खैरत अल-शातेर आणि हसन मालेक हे त्यातले ठळक. सादात यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष मुबारक यांच्यावर त्यांची टीका होती ती बगलबच्च्यांना कंत्राटे देण्यावर. बाजार त्यांना हवाच होता, फक्त स्वच्छ हातांचा.

सत्तेत आल्यावर हा हिशेब जमला नाही. डिसेंबर 2012मध्ये सिमेंट, पोलाद, सिगारेट, शीतपेये यांच्यावरची, नाणेनिधीच्या कर्जासाठी हवी असलेली करवाढ जाहीर झाली आणि मोर्सींनी काही तासांतच, मध्यरात्रीनंतर फेसबुकवरून, ती स्थगित केली. जुलै 2013मध्ये लष्कराने त्यांना हटवले. कर्ज कागदावरच राहिले. 2016मध्ये राष्ट्राध्यक्ष सिसी यांच्या सरकारने त्याच नाणेनिधीकडून 12 अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर करून घेतले.