एका नावाखाली झाकलेला पक्षी

आपला भारद्वाज कुंपणाकडेने चालताना सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याच कोकीळ कुळातले, त्याच्याहून मोठे आणि बहुतेक आयुष्य जमिनीवरच काढणारे दोन पक्षी आग्नेय आशियातल्या बेटांवर आहेत: बोर्निओचा भूकोकीळ आणि सुमात्राचा भूकोकीळ. बोर्निओच्या पक्ष्याला शास्त्रीय नाव मिळालं 1832 मध्ये, सुमात्राच्या पक्ष्याला 1879 मध्ये. पुढे मात्र अभ्यासकांनी दोघांना एकाच जातीत घातलं.

माझ्या मते खरं नुकसान इथे झालं. सुमात्रात 1916 नंतर हा पक्षी कुणाच्या नोंदीत आला नाही. पण बोर्निओत तो अधूनमधून दिसत होता, त्यामुळे कागदावर 'जात' शाबूत होती. एका बेटावरून पक्षी नाहीसा झाला असेल, ही काळजी कुणाला पडणार?

1996 मध्ये पक्षी-अभ्यासक नायजेल कॉलर आणि एड्रियन लाँग यांनी दोन्ही जाती वेगळ्या मांडल्या. सुमात्राचा पक्षी आकाराने लहान, पाठीला हिरवट, डोंगरउतारावरच्या जंगलातला. बोर्निओचा सखल भागातला, नदीकाठच्या पूरमैदानी रानात रमणारा. रानडुकरांच्या मागे फिरत त्यांनी उकरलेल्या मातीतले किडे टिपणारा. त्याचं रान तेलमाडाच्या लागवडीने खाल्लं, तर सुमात्रात कॉफीचे मळे डोंगर चढत गेले.

वेगळं नाव मिळाल्यावर पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 1997 मध्ये, सुमात्राच्या बुकित बारिसान सेलातान राष्ट्रीय उद्यानात अंजार रफियास्तांतो यांनी हा पक्षी पकडून त्याचं छायाचित्र घेतलं. तब्बल 81 वर्षांनी! त्याच महिन्यात आपल्या शहाद्याजवळ रानपिंगळाही शतकाहून अधिक काळानंतर पुन्हा सापडला होता. दोन्ही बातम्या एकत्र आठवल्या की अजूनही मन भरून येतं.

पण आनंद तिथेच थांबतो. आज सुमात्राचा भूकोकीळ अतिसंकटग्रस्त आहे. जमिनीवर चालणाऱ्या पक्ष्यांसाठी जंगलात फासे लावले जातात आणि चालणाऱ्याचा पाय त्यांत अडकतोच. 2007 मध्ये शिकाऱ्याच्या फासात असाच एक सापडला, पायाला जखम झालेला. त्याच्याच गळ्यातून या जातीचा आवाज पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झाला. दाट झाडीत हा पक्षी डोळ्यांना क्वचितच दिसतो; तेव्हापासून शोधायला निघणाऱ्यांना निदान कशाकडे कान लावायचा ते ठाऊक आहे.