१ जूनचे वाढदिवस आणि संगणकातला केसपेपर

दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर, वडवणीकडच्या टोळ्या ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे निघतात. त्यातली एखादी गरोदर बाई तिकडच्या दवाखान्यात गेली, की नवा केसपेपर निघतो. हिमोग्लोबिन किती होतं, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, हे सगळं बीडच्या संगणकात राहतं. दोन्ही नोंदी एकाच बाईच्या आहेत हे यंत्राने ओळखायचं कसं?

याचं गणित फेलेगी आणि सन्टर या संख्याशास्त्रज्ञांनी १९६९ साली मांडलं. प्रत्येक रकाना जुळला की गुण मिळतात, पण जो योगायोगाने सहज जुळतो त्याला कमी; योगायोगाची शक्यता निम्मी झाली की एक गुण वाढतो. लिंग निम्म्या वेळा असंच जुळतं, म्हणून त्याला फार तर १ गुण. जन्मतारखा साठ वर्षांत सारख्या विखुरल्या आहेत असं धरलं, तर पूर्ण तारीख जुळण्याला साधारण १४ गुण पडतात. आपल्याकडे घोडं पेंड खातं ते इथेच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली १ जून गावोगाव सापडते. दर चौथा माणूस १ जूनचा असेल, तर त्या तारखेचे १४ गुण ८ वर आणावे लागतात. नाहीतर दोन वेगळ्या बायका एक होतात.

नावाचं दुखणं वेगळंच. उच्चारावरून नावाला कोड देणारी साउंडेक्स ही १९१८ साली पेटंट मिळालेली पद्धत इंग्रजी नावांसाठी बेतलेली. ती पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवते. नवऱ्याचं ‘ज्ञानेश्वर’ एका खिडकीवर डीपासून लिहिलं आणि दुसरीकडे जीपासून, की कोड निघतात डी५५२ आणि जी५२६. नोंद देवनागरीत घेतली असती तर हा घोळ झालाच नसता.

एकूण गुण वरच्या मर्यादेपलीकडे गेले तर जोडी पक्की, खालच्या मर्यादेखाली असले तर रद्द. मधल्या जोड्या माणसानेच तपासायच्या. हे काम कंटाळवाणं, म्हणून टाळलं जातं. पण जोडी निसटली तर तपासणी पुन्हा होते आणि जुनी अ‍ॅलर्जी नव्या डॉक्टरला दिसत नाही. चुकीची जुळली तर दुसरीचीच अ‍ॅलर्जी हिच्या नावावर चढते आणि हिची खरी झाकली जाते.

२०२१ साली देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा १४ अंकी आभा क्रमांक, म्हणजे रुग्णाचा आरोग्य ओळख क्रमांक, ही अटकळबाजी बरीच कमी करतो. नोंदी मूळ दवाखान्यातच राहतात, रुग्णाने संमती दिली की दुसऱ्या डॉक्टरला दिसतात. मात्र संमती ज्या मोबाइलवरून द्यायची, तो बहुतेक वेळा फडात नवऱ्याच्या खिशात असतो.